फिनिक्सला येताय? टोंटोला जाऊन या, पण बेतानं

लेक किंवा लेकी-जावई ॲरिझोनात नोकरीला असले की आईवडिलांच्या अमेरिकावारीचा नकाशा ठरलेलाच असतो. ग्रँड कॅन्यन, सेडोना, लास वेगस आणि जमलंच तर लॉस एंजेलिस. बाकीचे दिवस फिनिक्सजवळच्या चँडलर नाहीतर गिल्बर्टच्या घरात, एसीच्या गारव्यात, नातवंडांच्या शाळेच्या वेळा सांभाळत जातात. शनिवारी कॉस्टको, रविवारी देऊळ. सहा महिने असेच सरतात आणि पुण्याला परतल्यावर शेजारी विचारतात, ‘तिकडे काय पाहिलंत?’ तेव्हा सांगायला तीच चार नावं उरतात. खरं तर त्या घरापासून गाडीने पाऊणएक तासावर टोंटो नॅशनल फॉरेस्ट सुरू होतं. जवळजवळ २९ लाख एकरांचं रान. आपला सातारा जिल्हा अख्खा त्यात ठेवला तरी वर जागा उरेल. ॲरिझोनातल्या सहा नॅशनल फॉरेस्टांत हे सर्वांत मोठं, आणि तिथल्या मराठी घरांमध्ये बहुधा सर्वांत कमी पाहिलेलं.

हे पाहायला जा, एवढंच सांगायचं असतं तर चार ओळींत काम झालं असतं. पण टोंटोला जायची एक रीत आहे, आणि ती आपल्या सवयीपेक्षा वेगळी आहे.

आपल्याकडे जंगल म्हटलं की आधी गेट येतं. ताडोबाला जायचं तर बुकिंग, ओळखपत्र, जिप्सी, सोबत गाईड, आत शिरायची आणि बाहेर पडायची ठरलेली वेळ. कुठे थांबायचं, कुठे उतरायचं नाही, हे दुसरा कुणीतरी ठरवतो. टोंटोत यातलं काही नाही. हायवेवरून जाताना एक तपकिरी पाटी दिसते, की तुम्ही आत. दार नाही, पहारा नाही, संध्याकाळी शिट्टी वाजवून बाहेर काढणारा कुणी नाही. अमेरिकेतली नॅशनल पार्कं एका खात्याकडे आहेत आणि नॅशनल फॉरेस्टं कृषी खात्याच्या वनसेवेकडे. पार्क जपण्यासाठी आणि पाहण्यासाठी. फॉरेस्टमध्ये मात्र गुरं चरतात, खाणी चालतात, परवान्यावर शिकार होते, लोक नेमबाजीचा सरावही करतात. चालताना लांबून बंदुकीचे बार ऐकू आले तर घाबरून जाऊ नका, मात्र त्या दिशेला जाऊही नका. वाटेत तारेचं फाटक लागलं आणि ते बंद असेल तर आपण गेल्यावर पुन्हा बंद करा, उघडं असेल तर उघडंच राहू द्या. कुणाची तरी गुरं त्या फाटकाच्या भरवशावर असतात.

पार्किंगच्या पासाचंही तसंच. नदीकाठच्या आणि तलावाकाठच्या बऱ्याच जागांना पास लागतो, पण तिथे तिकीटखिडकी असेलच असं नाही. घरून निघण्यापूर्वीच पास घ्या, आणि त्याच वेळी वनसेवेच्या संकेतस्थळावर कुठला रस्ता बंद आहे, आगीचे कुठले निर्बंध चालू आहेत, तेही बघा. सगळी सोय आपण करायची आणि सगळी जबाबदारीही आपलीच. ज्याला हे पटत नाही त्याने खुशाल वेगसला जावं.

आता पाहायचं काय? पहिल्या दिवशी फार डोंगर चढू नका. मेसाहून बीलाइन हायवे, म्हणजे ८७ नंबरचा रस्ता धरा आणि सरळ पेसनपर्यंत जा. या एका रस्त्यावर जे दिसतं ते दाखवायला दुसरीकडे कैक दिवस लागतील. टोंटोचा सर्वांत खालचा भाग समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० फुटांवर आहे आणि मॅझॅट्झल शिखर ७,९०० फुटांवर. कळसूबाई ५,४०० फूट, म्हणजे अंदाज आला असेल. खाली सोनोरन वाळवंट. आपल्या मनातलं वाळवंट राजस्थानी सिनेमातलं, नुसती वाळू. इथे वाळूचे ढीग नाहीत, झाडी आहे. मेस्कीट आहे, जी आपल्या वेड्या बाभळीची चुलत बहीण. हिरव्या सालीचं पालो व्हर्दे आहे, जे पानं गाळून खोडातूनच आपलं अन्न शिजवतं. फड्या निवडुंग तर तुम्हाला ओळखीचाच वाटेल. वाटणारच, कारण तो अमेरिकेतूनच आपल्या माळांवर आला.

आणि सगळ्यांच्या डोक्यावर उभा सग्वारो. हात वर केलेला तो उंच निवडुंग, सिनेमात पाहिलेला. एकदा गाडी थांबवून त्याच्या जवळ जा, पण त्याच्या पायथ्याशी बघा. मोठा सग्वारो बहुतेकदा एखाद्या पालो व्हर्देच्या किंवा मेस्कीटच्या अंगालगत उगवलेला दिसेल, किंवा त्याच्या पायाशी त्या झाडाचं वाळकं खोड असेल. बी त्या झाडाच्या सावलीत रुजतं. पहिल्या आठ वर्षांत रोप जेमतेम इंच-दीड इंच वाढतं. पहिला हात फुटायलाच ५० ते ७५ वर्षं लागतात, कोरड्या भागात शंभरही. आयुष्य दीडशे ते दोनशे वर्षांचं. ज्या झाडाला तीन-चार हात फुटलेत ते तुमच्या आजोबांच्या जन्माआधीचं आहे असं समजा. अंगावरच्या पन्हळ्या पाणी प्याल्यावर फुगतात आणि दुष्काळात आत ओढल्या जातात. खोडाला गोल भोकं दिसतील, ती सुतारपक्ष्यांनी केलेली. पक्षी गेला की त्याच घरात चिमणीएवढं घुबड बिऱ्हाड करतं. सग्वारोवर नाव कोरणं, तो तोडणं किंवा उपटून नेणं राज्याच्या कायद्याने गुन्हा आहे.

गाडी वर चढू लागली की साधारण ४,००० फुटांवर सग्वारो संपतात. बघता बघता संपतात. एका वळणापर्यंत असतात आणि पुढच्या दोन-चार वळणांनंतर एकही नसतो. मग खुरटं ओक, जुनिपर, लाल मातीचे उतार, आणि पेसनजवळ, पाच हजार फुटांवर, पाँडेरोसा पाइनची उंच उंच झाडं. मागे मोगॉलॉन रिम या कड्याची भिंत उभी. सकाळी वाळवंटात स्वेटर काढलेला असतो, तो दुपारी पुन्हा घालावा लागतो. पेसनच्या पुढे पाइन गावाजवळ टोंटो नॅचरल ब्रिज आहे. झऱ्याच्या चुनखडीयुक्त पाण्याने रचलेला १८३ फूट उंचीचा दगडी पूल. तो राज्याच्या ताब्यात आहे, वेगळं तिकीट लागतं. वरच्या कठड्यावरून सगळ्यांना दिसतो. खाली उतरण्याचा मोह गुडघे बघून करावा. आणि परतीला अंधार पडू देऊ नका. त्या रस्त्यावर रात्री एल्क आडवे येतात. घोड्याएवढं जनावर गाडीवर आलं की दोघांचंही काही खरं नसतं.

दुसरा दिवस धरणाकडे ठेवा. बीलाइनवरूनच १८८ नंबरचा रस्ता फुटतो, तो रूझवेल्ट तलावाच्या कडेकडेने ग्लोबला जातो, आणि तिथून ६० नंबरच्या हायवेने सुपीरियरवरून परत मेसा. सगळी पक्की सडक, वयस्कर माणसांना झेपणारी. या रानाचा जन्मच पाण्यासाठी झाला. सॉल्ट आणि व्हर्डे या दोन नद्यांचं पाणलोट राखायचं म्हणून १९०५ साली ही जमीन राखीव केली, आणि सॉल्ट नदीवर रूझवेल्ट धरण बांधलं. आपल्याकडे भंडारदऱ्याचं काम १९१० साली सुरू झालं. रूझवेल्ट धरण १८ मार्च १९११ रोजी खुद्द थिओडोर रूझवेल्टच्या हस्ते खुलं झालं. पुढे १९९६ मध्ये दगडी भिंतीला काँक्रीटचं कवच चढवून उंची ७७ फुटांनी वाढवली. तुमच्या लेकाच्या स्वयंपाकघरातल्या नळाला जे पाणी येतं, त्यातला बराच वाटा या डोंगरांवर पडलेल्या पावसाचा आणि बर्फाचा असतो. हे एकदा नातवंडांना धरणाजवळ उभं करून सांगा. शाळेतल्या धड्यापेक्षा जास्त लक्षात राहील.

तलावाजवळच टोंटो नॅशनल मॉन्युमेंट आहे. डोंगराच्या कपारीत सातएकशे वर्षांपूर्वी सलाडो लोकांनी दगड-मातीची घरं बांधली, ती अजून उभी आहेत. खालच्या घरांपर्यंत अर्ध्या मैलाची फरसबंद वाट आहे, चढ साधारण ३५० फुटांचा. आजीआजोबांनी बसत बसत चढावं, वाटेत बाक आहेत असं गृहीत न धरता. इथे किंवा रानात कुठेही मडक्याचा रंगीत तुकडा, दगडी पातं दिसलं तर डोळे भरून पाहा आणि तिथेच राहू द्या. सरकारी जमिनीवरून पुरातन वस्तू उचलणं हा केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. शिवाय ती कुणाच्या तरी पूर्वजांची चीजवस्तू आहे. हे सगळे डोंगर अपाची आणि यवापाई लोकांचे होते. १८७५ साली त्यांतल्या पुष्कळांना भर हिवाळ्यात पायी सॅन कार्लोसला हाकलून नेलं. सुपीरियरजवळचं ओक फ्लॅट तर अपाचींचं आजही पवित्र ठिकाण. त्याच्याखाली तांबं सापडलं आणि वर्षानुवर्षं कोर्टात भांडण चाललं. सुपरस्टिशन डोंगरातल्या हरवलेल्या सोन्याच्या खाणीची गोष्ट तुम्हाला पहिल्याच दिवशी कुणीतरी सांगेल. १८९१ साली वारलेल्या एका जर्मन माणसाच्या नावावर ती खपवली जाते. ऐका आणि सोडून द्या. सोनं कुणाला मिळालं नाही, शोधायला गेलेल्यांतले काही मात्र परत आले नाहीत.

आता जरा कडक बोलतो.

वाळवंटाची उष्णता आपल्याला कळत नाही. मुंबईत घाम अंगावर राहतो म्हणून आपण सावध होतो. इथे घाम फुटतो आणि फुटल्याबरोबर वाळतो. अंग कोरडं, त्यामुळे माणूस म्हणतो, ‘एवढं काही गरम नाही बुवा.’ २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस कमाल तापमान ११० फॅरनहाइट, म्हणजे ४३ सेल्सिअसच्या खाली उतरलं नाही. त्या वर्षी फिनिक्स ज्यात येतं त्या एकट्या मॅरिकोपा काउंटीत उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यू नोंदले गेले. विदर्भातली माणसं हे वाचून हसतील, की आम्ही ४६ पाहिलाय. पाहिलाय खरा, पण दुपारी बाराला डोंगर चढत नाही पाहिला. चंद्रपूरला आपण मे महिन्यात दुपारी दार लावून झोपतो. इथे तीच माणसं सुट्टी आहे म्हणून दहा वाजता ट्रेलवर निघतात.

पाण्याचा हिशोब सोपा आहे. माणशी निदान तीन लिटर, आणि त्यातलं निम्मं संपलं की जिथे असाल तिथून मागे फिरा. शिखर पन्नास पावलांवर दिसत असलं तरी. नुसतं पाणी पिऊ नका. सोबत लिंबू-मीठ-साखरेचं सरबत, चिवडा, खारे दाणे ठेवा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते आणि अंगातलं पाणी कमी होतं. अशी गोळी चालू असेल तर निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारा. मोबाइलला बऱ्याच ठिकाणी रेंज नसते, तेव्हा नकाशा आधीच उतरवून घ्या. कुठल्या ट्रेलहेडला गाडी लावणार आणि किती वाजेपर्यंत परतणार, हे घरी राहिलेल्या कुणाला तरी लिहून पाठवा. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फोटो टाकणं म्हणजे कळवणं नव्हे.

सामानात एक कंगवा ठेवा. हसू नका. चोया नावाचा एक निवडुंग आहे, त्याचे अक्रोडाएवढे काटेरी गोळे नुसता स्पर्श झाला तरी सुटून अंगाला चिकटतात. काट्यांना उलटी कुसळं असतात, त्यामुळे हाताने ओढायला गेलं की तो हातात रुततो, दुसऱ्या हाताने सोडवायला गेलं की दोन्ही हात अडकतात. कंगव्याचे दात कातडी आणि गोळा यांच्यामध्ये सरकवायचे आणि झटक्यात उडवायचं. कुठल्या दिशेला उडवतोय ते आधी बघायचं. उरलेली कुसळं चिमट्याने काढायची. नऊवारीत किंवा फ्लोटर्स घालून इथे चालू नका. बंद बूट, पूर्ण बाह्या, टोपी.

पाण्याने मरणाऱ्यांची गोष्ट वाळवंटात खरी वाटत नाही, म्हणूनच सांगतो. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत इथे मान्सून असतो. आपल्यासारखी संततधार नाही. दुपारी ढग जमतात आणि तासाभरात एखाद्याच डोंगरावर सगळं रितं करतात. १५ जुलै २०१७ ला, एका शनिवारी, पेसनजवळच्या कोल्ड स्प्रिंग्ज नावाच्या डोहात लोक पोहत होते. पाऊस पडला तो वरच्या अंगाला, काही मैल दूर. तिथले उतार महिन्याभरापूर्वीच आगीत जळले होते, पाणी धरून ठेवायला काही उरलं नव्हतं. राख, ओंडके, चिखल घेऊन लोंढा आला आणि एकाच कुटुंबातली दहा माणसं गेली. त्यात लहान मुलं होती. डोक्यावर निळं आभाळ आहे म्हणून ओढ्यात बसायचं नाही, एवढं यातून घ्या. वर काळं दिसलं, गार वारा सुटला, पाणी गढूळ झालं, की चपला शोधत बसू नका, उंचावर चढा. गाडीचंही तेच. ओढ्यात पाणी आहे आणि अडथळा लावला आहे, तरी कुणी गाडी घातली, तर सुटकेचा खर्च त्याच्याकडून वसूल करायचा कायदा या राज्याने १९९५ मध्येच केला आहे. त्या कायद्याला लोक उघड उघड ‘मूर्ख मोटारचालकांचा कायदा’ म्हणतात.

आणि आग. जून २०२० मध्ये याच बीलाइन हायवेच्या कडेला एका गाडीने पेट घेतला. ती ठिणगी १ लाख ९३ हजार एकर खाऊन गेली आणि हजारो सग्वारो होरपळले. आदल्या वर्षी सुपरस्टिशनमध्ये १ लाख २३ हजार एकर, पुढच्या वर्षी सुपीरियरच्या बाजूला १ लाख ८० हजार एकर. तिन्ही माणसामुळे लागलेल्या. मूळच्या वाळवंटात आग पसरायची नाही, कारण झाडाझाडांमध्ये उघडी जमीन असायची. त्या मोकळ्या जागेत आता बाहेरून आलेलं गवत माजतं आणि उन्हाळ्यात वाळून वातीसारखं तयार असतं. त्यातलं बफेल गवत म्हणजे आपलं अंजन, गुरांसाठी चांगलं म्हणून अमेरिकेने मुद्दाम आणलेलं. आपल्याला निवडुंग त्यांनी दिला, अंजन त्यांनी आफ्रिकेतून नेलं. सग्वारोच्या अंगी आग सोसण्याची तयारी नाही. जळालेला सग्वारो कधीकधी दोन-तीन वर्षं हिरवा दिसत राहतो आणि मग कोसळतो.

म्हणून गाडी वाळल्या गवतावर उभी करू नका, खालचा तापलेला भाग पुरे होतो. सिगारेट ओढायचीच असेल तर घरी ओढा. शेकोटीवर बंदी असेल तेव्हा ‘पाच मिनिटं कणसं भाजून घेऊ’ हे चालणार नाही. बंदी नसेल तेव्हाही निघताना पाणी ओता, ढवळा, पुन्हा ओता. राखेत उघडा हात घालता आला तरच आग विझली. आणि दिवाळी असली म्हणून फुलबाजी नको. फटाक्यांना या रानात बाराही महिने बंदी आहे.

राहता राहिलं आपलं वागणं. मराठी मंडळी फिरायला निघाली की तीस-तीस जण निघतात, हौसेने निघतात, आणि मला ते आवडतं. पण सुपरस्टिशनच्या संरक्षित भागात एका गटात पंधराच्या वर माणसं चालत नाहीत. गट पाडा, वेगवेगळ्या वाटांनी जा, पार्किंगमध्ये परत भेटून डबे उघडा. स्पीकर घरी ठेवा. सॉल्ट नदीत सकाळी पाण्यातलं गवत खायला घोडे येतात. किमान पन्नास फूट लांबून बघा, त्यांना सफरचंद, पोळी काही देऊ नका. वाटेत कासव दिसलं तर फोटोसाठी उचलू नका. ते घाबरून मूत्राशयात साठवलेलं पाणी सोडून देतं आणि पुढचा उन्हाळा त्याला काढता येत नाही. संत्र्याची सालं ‘कुजतील की’ म्हणून टाकू नका. या कोरड्या हवेत ती कुजत नाहीत, वाळून पडून राहतात. रानात शौचाला जावं लागलं तर पाण्यापासून दोनशे फूट लांब, वीतभर खड्डा, वर माती. कागद मात्र पिशवीत घालून परत न्यायचा. लाजण्यासारखं यात काही नाही, न नेणं हे लाजण्यासारखं.

शेवटचं सांगणं तिकिटाबद्दल. अमेरिकेला जायचं तर थंडी टाळायची म्हणून आपण एप्रिल-मेमध्ये निघतो आणि ऑक्टोबरात परततो. न्यू जर्सीला ते बरोबर आहे, शिकागोला बरोबर आहे. फिनिक्सला ते साफ उलटं. इथले बाहेर पडायचे दिवस दिवाळीचा फराळ संपला की सुरू होतात आणि गुढीपाडव्याच्या आसपास आटोपतात. डिसेंबरात फोर पीक्सच्या शिखरांवर बर्फ दिसतं आणि खाली अंगणात ऊन खात बसता येतं. हिवाळ्यात पाऊस चांगला झाला असेल तर मार्चमध्ये बार्टलेट तलावाजवळचे उतार पिवळ्या पॉपीने आणि जांभळ्या ल्युपिनने भरतात. तेव्हा लेकीने मेचं तिकीट काढायला घेतलं असेल तर तिला आजच फोन करा आणि नोव्हेंबरचं काढायला सांगा.